आंद्रेच्या पाठीला इसाबेल

भर उन्हात सिमेट्रीत उकिडवा बसून कबरीच्या दगडाला आरसा दाखवणारा म्हातारा दिसला तर लोक हसणारच. अंधेरीच्या एका वॉचमनने मला विचारलं होतं, "चाचा, मुर्दे को शकल दिखा रहे हो क्या?" मी म्हटलं, "उलटं आहे बाबा. तो मला त्याची दाखवतो. दाखवली तर."

ह्यात थापेबाजी काही नाही. पावसाने झिजलेली अक्षरं समोरून दिसत नाहीत. कितीही डोळे फाडा, दगड तो दगडच. पण आरशात ऊन पकडायचं आणि बाजूने, दगडाला घासून जाईल असं सोडायचं. मग प्रत्येक खाचेत सावली बसते आणि नाव वर यायला लागतं. एकदम येत नाही. आधी एखादी उभी रेघ, मग अर्धा गोल, मग सालातला आकडा. एवढे दगड बघितले तरी नाव वर यायला लागलं की अजून मनात तेच सुरू होतं. कोण असेल? बाई की बुवा? म्हातारं माणूस की पोर?

माझं शिक्षण चौथी. आमच्या भांडुपच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यांनी सांगितलं, तुमचं काम भलतंच आहे, लिहा. बोलतो तसं लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ सून बघेल.

मुळात मी टाकीवाला. नव्या पोरांना टाकी म्हणजे पाण्याची टाकी वाटते. पूर्वी घराघरात दगडी पाटा-वरवंटा असायचा. रोज मसाला वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग खोबरं वाटलं जात नाही, नुसतं सरकतं. तेव्हा छिन्नीने त्याला बारीक बारीक टोचे मारून परत खरखरीत करायचं, त्याला टाकी लावणं म्हणतात. भांडुप, नाहूर, मुलुंड, सगळ्या चाळी मी ओरडत फिरलोय. मग मिक्सर आले आणि आमची वाट लागली. एका ओळखीच्याने अंधेरीत सिमेट्रीच्या बाहेर संगमरवराच्या दुकानात चिकटवलं. तिथे कबरीच्या दगडावर अक्षरं कोरायला लागलो. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कोरता यायचं. अक्षर म्हणजे माझ्यासाठी चित्र. कागदावर जसं असेल तसं दगडावर. कोणाचं नाव कोरलं ते संध्याकाळी दुकानदार सांगायचा.

धंद्यात गिऱ्हाईकं एकेक नमुना भेटली. बोरिवलीचा एक रिटायर माणूस होता, त्याने जिवंतपणीच स्वतःचा दगड करून घेतला. नाव कोरलं, जन्मसाल कोरलं, पुढे मोकळी जागा. घराण्याची कायमची कबर होती त्यांची, म्हणून चाललं. हा माणूस दर थोड्या दिवसांनी येऊन दगड पुसायचा, कठड्यावर बसून केळं खायचा आणि जाताना मला विचारायचा, "पुढची जागा पुरेल ना रे? कमी वाटते." मी म्हणायचो, "साहेब, चार आकडे तर कोरायचेत." तो म्हणायचा, "तसं नाही. पोरांना काही चांगलं लिहावंसं वाटलं तर?" नंतर मीच ते चार आकडे कोरले. पोरांना बाकी काही लिहावंसं वाटलं नाही. मोकळी जागा तशीच आहे. अजून तिकडे गेलो की डोळा तिथे जातोच.

मालाडच्या खाडीकडच्या एका गावात दगडावर कात्री कोरलेली बघितली. शिंप्याची कबर. शेजारच्या दगडावर वल्हं. नाव वाचता आलं नाही तरी माणूस काय करून खायचा ते कळतं. माझ्या दगडावर काय काढाल? छिन्नी-हातोडा. पण आम्हाला दगड नसतो. आम्हाला लाकडं असतात आणि मग खाडी.

माझी बायको सुनंदा गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गेली. भांडुपच्या स्मशानात अग्नी दिला, राख खाडीत सोडली, दहाव्याला कावळा शिवला. आता भिंतीवर फोटो आहे. आयुष्यभर लोकांच्या बायकांची नावं दगडावर कोरली, आणि घरच्या बाईचं कोरायला कुठे टीचभर जागा नाही. रडगाणं म्हणून सांगत नाही. आहे ते आहे.

आरसाही तिचाच. दांडीचा छोटा आरसा, कुंकू लावायचा. वीणाबाईंनी मला ही आरशाची युक्ती शिकवली तेव्हा मी सरळ घरातला उचलून नेला. संध्याकाळी घरी बोंब. "माजो आरसो खंय गेलो?" मी सांगितलं कुठे गेला ते. म्हणाली, "मेलेल्यांका आरसो दाखवतास, आणि जिती बायको कळशेत तोंड बघता!" मग तिने नवा आणला, पण टिकल्या ह्याच जुन्याला चिकटवायची. रात्री कपाळावरची काढली की ह्याच्या काचेवर. मी त्या काढत बसायचो. एक राहिलीय, वरच्या कडेला, मरून रंगाची. आता ती काढायचा प्रश्न नाही. ऊन दगडावर टाकलं की उजेडात तेवढा एक काळा ठिपका पडतो.

आता वीणाबाई कोण ते सांगतो. मुलुंडच्या. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकलेल्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. उपनगरातली जुनी गावठाणं आणि त्यांच्या सिमेट्र्या नव्या बांधकामात पुसल्या जायच्या आत सगळ्या दगडांची नोंद करायची, फोटो काढायचे, जमेल ते वाचवायचं, असं त्यांचं आणि त्यांच्या ओळखीच्या काही लोकांचं काम. दुकान बंद झाल्यावर मला त्यांनी बोलावलं. पहिल्याच दिवशी मी ॲसिडची बाटली आणि तारेचा ब्रश घेऊन हजर. बाईंनी दोन्ही माझ्या हातातून काढून घेतलं आणि लहान पोराच्या हातातून सुरी काढतात तसं लांब ठेवलं.

"काका, ॲसिडने दगड उजळत नाही, सोलला जातो. सालीबरोबर अक्षर जातं."

"मग काय घ्यायचं?"

"पाणी. मऊ ब्रश. बांबूची चिपटी. आणि वेळ."

मला पटलं नव्हतं. करून बघितल्यावर पटलं. इतकं पटलं की एकदा घाटकोपरहून एक कुटुंब भांडायला आलं. आमच्या आजीचा दगड काळा होता, हा गोरा कोणाचा आणून लावलात? त्यांना आजीचं नाव वाचून दाखवलं, तरी त्यातली एक बाई मान हलवत होती. "नाव आजीचंच आहे हो, पण दगड आजीचा वाटत नाही."

बाईंचा दुसरा नियम मला बिनकामाचा वाटायचा. प्रत्येक दगडाच्या सगळ्या बाजू बघायच्या. पुढची, मागची, दोन्ही कडा. मी म्हणायचो, बाई, मागे काय असतं? दगडाची पाठ ओबडधोबड सोडतात, मी स्वतः सोडलीय. त्या म्हणायच्या, "असेल. पण बघायची." मी बघायचो. नव्याण्णव वेळा पाठ ओबडधोबडच निघायची.

आता पास्कूबाबांची गोष्ट. ती सांगायलाच बसलो होतो.

अंधेरीच्या पूर्वेला एक जुनं गावठाण आहे. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये कौलारू घरं, एक क्रूस आणि गावाबाहेर, म्हणजे आता टॉवरच्या पार्किंगमागे, नाल्याला लागून जुनी सिमेट्री. नाल्याची भिंत फुगली होती. पावसाच्या आधी ती पाडून नवी बांधायची, म्हणून भिंतीला टेकलेली दगडांची ओळ उचलावी लागणार होती. तिथल्या कमिटीने ठरवलं की ज्या दगडावर नाव वाचता येतं तो गेटजवळच्या भिंतीत लावायचा. ज्यावर नाव नाही तो भरावात. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. जागा कमी, मेलेले जास्त. तिथे साधी कबरसुद्धा काही वर्षांनी उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागेत दुसरा निजतो. असं असताना बिननावाचा दगड कोण सांभाळणार?

त्या ओळीत एक उभा दगड होता, डोक्यावर क्रूस, एक कोपरा फुटलेला. बाकी अख्खा पांढरा. चुन्यावर चुना, चुन्यावर चुना. अक्षराचा पत्ता नाही. दगड कसला, पीठ लावलेला पाव दिसत होता. आणि त्याच्याजवळ काठी टेकून पास्कूबाबा उभे. माझ्याहून बरेच मोठे, पांढरी बंडी, गळ्यात क्रूस.

"ही माजी आय हाय," ते सेक्रेटरीला सांगत होते. "भरावात टाकशील तर मना बी टाक."

"बाबा, नाव कुठे आहे त्याच्यावर?"

"चुन्याखाली हाय."

"तुम्ही बघितलंय?"

बाबा दगडाकडे वळले. बघितलं नव्हतं. नंतर मला सगळं सांगितलं. आई गेली तेव्हा ते रांगत होते. फोटो नाही, कपडा नाही, आईला बघितलेलं एकही माणूस आता जिवंत नाही. बाप हात धरून इथे आणायचा आणि दाखवायचा, ही तुझी आय, इसाबेल. बाप दर वर्षी अख्ख्या दगडाला पुढून-मागून चुना द्यायचा. नोव्हेंबरात ह्या लोकांचा मेलेल्यांचा दिवस असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा. त्या आधी कबर उजळायची. बाप गेल्यावर एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरलं आणि ही ओळ आडवी झाली. मजुरांनी दगड भिंतीला टेकवून परत उभे केले. फुटक्या कोपऱ्यावरून बाबांनी आपला ओळखला आणि पुढे चुना चालू ठेवला. म्हणजे आख्खं आयुष्य ज्या नावासाठी चुना लावला, ते नाव त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"एकदाच बघायचाय," मला म्हणाले. "मंग भिंतीत लाव नायतर कुटं लाव."

सेक्रेटरी म्हणाला, "ठीक आहे. भिंत पाडायला माणसं यायच्या आत नाव निघालं तर ठेवू. नाहीतर बाबा, माझ्यावर रागवायचं नाही."

आम्ही लागलो. ओली गोणपाटं गुंडाळून चुना भिजवायचा, मग बांबूच्या चिपटीने कडेने हळू उचलायचा. पापडासारखे पापुद्रे निघतात. वीणाबाई प्रत्येक थराचा फोटो काढायच्या. मी म्हटलं, "बाई, चुन्याचे कसले फोटो काढता?" त्या म्हणाल्या, "हे पण कोणीतरी केलेलंच आहे ना, काका." बाबा खुर्ची टाकून बसायचे. सकाळी आमच्या आधी हजर.

मधला एक थर निळसर निघाला. बाबा खुर्चीतून उठलेच.

"ही माज्या बायकोची नीळ! त्या वर्षी ती म्हनली, कपड्याला टाकतो तशी चुन्यात टाकू, जरा उठून दिसंल. मी तिला शिव्या घातल्या होत्या. आयेची कबर हाय का बनियन हाय?"

मी चिपटी थांबवली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो थर काढला की तेवढीही ती जाणार. मला माझंच आठवलं. म्हटलं, "बाबा, ठेवू का हा? इथवरच थांबू?"

त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "काढ. ती असती तर तीच म्हनली असती, काढ ना, बघू तरी सासू कशी हाय."

एक निळा पापुद्रा त्यांनी बंडीच्या खिशात टाकला. बाईंनी बघितलं आणि कॅमेरा दुसरीकडे वळवला. खरं तर त्यांच्या नियमात ते बसत नव्हतं.

सगळा चुना निघाला त्या दिवशी सेक्रेटरीपण आला. अक्षरं आरशाशिवाय दिसत होती, इतकी खोल आणि सुरेख. असा हात माझा कधीच नव्हता. पहिली ओळ मी चित्रासारखी ओळखली. जुन्या पोर्तुगीज दगडांवर सुरुवातीला तेच दोन शब्द असतात. वीणाबाई एकेक अक्षर लावून वाचायला लागल्या.

"इथे निजला आहे..." आणि थांबल्या. परत वाचलं. माझ्याकडे बघितलं.

"काय झाला?" बाबांनी विचारलं. "इसाबेल लिवलाय ना?"

"बाबा," बाई म्हणाल्या, "हे पुरुषाचं नाव आहे. आंद्रे. खूप जुना दगड आहे हा. तुमच्या आईच्या कितीतरी आधीचा."

पार्किंगमध्ये एक गाडी मागे घेताना वाजणारं ते गाणं वाजत होतं तेवढंच. मग सेक्रेटरीला राहवलं नाही. "काय बाबा, आख्खं आयुष्य दुसऱ्याच्या आजोबाला चुना लावलात!"

हसला तो एकटाच. मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. बाबा खाली बघत होते. काठीने मातीत रेघा मारत म्हणाले, "मंग माजी आय कुटं हाय?"

मी आपला हात धुवायला निघालो. मला त्या म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. पाठून बाईंचा आवाज आला. "काका, कुठे चाललात? पाठ बघायची राहिली."

मी चिडलो. "बाई, आता कसली पाठ? माणूस बघा जरा!"

"माणसासाठीच सांगतेय."

दगडाची पाठ नाल्याच्या भिंतीला टेकलेली, मध्ये पुरातला गाळ घट्ट बसलेला. दगड पुढे ओढल्याशिवाय दिसणार नव्हती. तसाही तो उचलायचाच होता. मी नाराजीनेच मजुरांना बोलावलं, दोरखंड लावला, दगड पुढे घेऊन लाकडांवर आडवा झोपवला, पाठ वर. गाळाची ढेकळं पडली. खाली परत पांढरं. चुना. मी हात फिरवला आणि हात तिथेच थांबला. पाठ सपाट होती. मुद्दाम घासून सपाट केलेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या धंद्यात हे चालायचं. ज्याची विचारपूस करणारं कोणी उरलं नाही असा जुना दगड असायचा, आणि नवा घ्यायची ऐपत नसलेलं कोणी यायचं. मग जुन्याची पाठ सपाट करून तिच्यावर नवं नाव. इसाबेलच्या नवऱ्यानेही तेच केलं असणार. पुढे पुरात दगड आडवा झाला. दोन्ही बाजूंनी सारखाच पांढरा. मजुरांना काय कळणार तोंड कुठलं आणि पाठ कुठली? त्यांनी उलटा उभा केला, आणि इसाबेल भिंतीकडे तोंड करून राहिली.

पण हे माझ्या डोक्यातलं. नाव कुठे होतं?

ह्या बाजूचा चुना पातळ होता, बापाच्या हातचा तेवढाच. तो सुटला, पण खाली अक्षर दिसेना. बाई वाकून बघतात, सेक्रेटरी वाकून बघतो, काही नाही. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि आरसा काढला. ऊन उतरत आलं होतं, मला तसंच लागतं. उजेड कडेने सोडला आणि हळूहळू वर नेला.

टिकलीचा ठिपका दगडावरून सरकायला लागला.

बाबा जवळ येऊन वाकले. "हा डाग कसला रे?"

"माझ्या बायकोची टिकली आहे, बाबा. आरशाला चिकटलीय. ती गेली गेल्या वर्षी."

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "हलू नको."

आधी एक उभी रेघ आली. मग नागमोडी. अक्षरं उथळ, वेडीवाकडी, एक मोठं एक लहान. हे कारागिराचं काम नव्हतं. खिळ्याने किंवा तुटक्या छिन्नीने कोणीतरी घरच्या माणसाने कोरलेलं होतं. हात सटकल्याच्या खुणा मला दिसत होत्या. मी वाचत नव्हतो, मी नुसता उजेड धरून होतो. वाचत होत्या वीणाबाई, आणि त्यांच्या मागे मागे बाबा. शेवटचं अक्षर बाईंनी वाचलंच नाही, बाबांनी वाचलं. इसाबेल. बाकी काही नाही. साल नाही, आडनाव नाही.

बाबांनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत नेलं. मग परत पहिल्यापासून. सेक्रेटरीने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

मग बाबा म्हणाले, "बापाचा हात लय वाईट होता."

मी म्हटलं, "हो. छिन्नी तिरकी धरलीय." मग आम्ही दोघं हसलो, नाक पुसत.

पुढे वेगळाच घोळ. दगड गेटजवळच्या भिंतीत लावायचा म्हणजे एकच बाजू दिसणार. सेक्रेटरी म्हणाला, "सोपं आहे. आईची बाजू बाहेर, आंद्रेची आत." मला वाटलं बाबा लगेच हो म्हणतील. बाबा डोकं खाजवत राहिले.

"त्याला मी एवढी वर्सं मेनबत्ती लावली," म्हणाले. "आयेला सांगायच्या त्या गोष्टी त्याला सांगितल्या. पोरगी पळून गेली ते बी. त्यानं ऐकून घेतला. आता त्याला भितीकडं तोंड करून उबा करू? शिक्षा हाय का?"

"बाबा, मोकळा उभा केला तर जागा जाते."

"माजी कमी कर. मी कोनाड्यात मावतंय."

सेक्रेटरीने हात जोडले. आता तो दगड गेटमधून आत शिरलं की डाव्या हाताला उभा आहे, भिंतीपासून सुटा, मागून फिरता येईल एवढी वाट ठेवून. जाताना आंद्रे दिसतो, येताना इसाबेल. येत्या नोव्हेंबरात दोन्हीकडे मेणबत्ती लागेल. मी वीणाबाईंना विचारलं, आता ह्यांना चुना बंद करायला सांगू का? मला वाटलं त्या हो म्हणतील. त्यांनी इसाबेलच्या बाजूवरून हात फिरवला. म्हणाल्या, "इतकी उथळ अक्षरं उघडी असती तर पावसाने केव्हाच गेली असती. चुन्यानेच राखली. लावू देत. पातळ लावा म्हणावं."

गेल्या वर्षी आमची दिवाळी बिनआवाजाची गेली, सुनंदाला जाऊन महिनाही झाला नव्हता ना. ह्या वर्षी सून, रश्मी, म्हणाली, "बाबा, मिक्सरला आईंच्यासारखी चटणी नाही होत. पाट्याला टाकी मारून द्या ना."

पाटा ओट्याखाली होता. दर दिवाळीच्या आधी मी त्याला टाकी लावायचो. सुनंदा दसऱ्यापासून मागे लागायची. "पाट्याची काच झाली हा. चटणी वाटूची काय नुसती फिरवूची?" शेवटच्या दसऱ्याला ती अंथरुणात होती. त्यामुळे तो राहिला तसाच, तिने वापरून सोडलेला.

मी तो गॅलरीत नेला, धुतला, छिन्नी काढली. उन्हं तिरपी होती. सवयीने आरसा लावला. कडेला माझे आदल्या वर्षीचे टोचे होते, ताजे असल्यासारखे. मध्ये एकही नव्हता. मध्ये खोलगट, गुळगुळीत, तिच्या बाजूला जास्त उतार, कारण वरवंटा ओढताना ती जोर द्यायची. मी वर्षाला एकदा ठोकायचो आणि ती वर्षभर पुसायची. आणि मी परत ठोकायचो.

छिन्नी खाली ठेवली. रश्मी स्वयंपाकघरातून विचारते, "झालं का?" म्हटलं, "थांब." पाटा उलटा केला. पाठ ओबडधोबड, माझ्यासारख्याच कोणीतरी सोडलेली. ती सपाट केली. हात आता भरून येतात, थांबत थांबत केली. मग तिच्यावर टाकी लावली, बारीक, एकसारखी, पहिल्यासारखी.

रश्मीने बघितलं. "उलटा का केलात?"

"त्या बाजूला जागा नाही," मी म्हटलं.

मग वाकून तिने पाट्याच्या खाली बोटं घातली, तो गुळगुळीत खळगा चाचपून बघितला आणि ओट्यावर जुनं फडकं घडी करून अंथरलं. त्याच्यावर पाटा ठेवला.

नव्या टाकीचं पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं, दगडाची कच येते. ते तिने टाकलं. दुसरी चटणी माझ्या ताटात वाढली आणि उभी राहिली. मी खाल्ली. तोंडावर सांगायची माझी सवय आहे. म्हटलं, "झकास आहे. पण तिच्यासारखी नाही."

"होईल हो, बाबा," ती म्हणाली. "पाटा जरा झिजू दे."